जसं आहे तसं

डिस्कवर फोल्डर नसतात. 'लग्नाचे फोटो', 'आईचे रिपोर्ट', 'ऑफिस' असे जे पिवळे चौकोन आपण रोज उघडतो, ते त्या रूपात तिथे कुठेच नाहीत. तिथे असतात एकापुढे एक लागलेले ब्लॉक, बहुतेक ठिकाणी ४०९६ बाइटचे, दिसायला सगळे सारखे. कुठला ब्लॉक कोणाचा, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर, हे ठरतं त्याच डिस्कवर वेगळ्या जागी लिहून ठेवलेल्या नोंदींवरून. शेत वेगळं आणि तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा वेगळा, तसंच हे. शेत जागचं हलत नाही. पण उताऱ्यावर भलतंच नाव चढलं की पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यालाही ते आपलं आहे हे सिद्ध करता येत नाही. डिस्कवरचे फोटो जागच्या जागी सुखरूप असतात आणि तरी हरवतात, ते असेच.

या नोंदींना आमच्या धंद्यात मेटाडेटा म्हणतात, आणि त्या उघडून दाखवणाऱ्या एका प्रोग्रॅमवर मी काम करते. त्याचं नाव डीबगएफएस. लिनक्सच्या ईएक्सटी-२, ईएक्सटी-३ आणि ईएक्सटी-४ या फाइलसिस्टिमच्या पोटात काय लिहिलं आहे, ते तो दाखवतो. पुण्यात स्टोरेजच्या सॉफ्टवेअरवर पोट असलेली माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांतल्याही अनेकांना हा प्रोग्रॅम कधी चालवावा लागत नाही. सगळं सुरळीत असताना त्याची आठवण कोणाला येत नाही. डिस्क माउंट होत नाही, बॅकअप जुना आहे, ग्राहकाचे फोन येताहेत, अशा वेळी कोणीतरी तो उघडतं. म्हणून त्याच्या प्रत्येक ओळीचं मला मोल वाटतं. ती ओळ वाचणारा माणूस बहुधा थकलेला असतो, घाबरलेला असतो, आणि पुढचा निर्णय तो त्या ओळीच्या भरवशावर घेणार असतो.

या प्रोग्रॅमचं वय मोठं आहे. सुरुवातीला लिनक्सने मिनिक्सची फाइलसिस्टिम उसनी घेतली होती. तिला ६४ एमबीची मर्यादा होती, आणि फाइलचं नाव १४ अक्षरांत बसवावं लागे. १९९२ मध्ये रेमी कार्ड यांनी तिच्या जागी ईएक्सटी आणली, पाठोपाठ १९९३ मध्ये ईएक्सटी-२ आली, आणि त्याच वर्षी थिओडोर त्सो यांनी डीबगएफएस लिहिला. त्यातल्या काही कमांडची नावं त्याहून जुनी आहेत. एखादा ब्लॉक कुठल्या फाइलचा आहे ते सांगणारी 'आयचेक' आणि क्रमांकावरून फाइलचं नाव शोधणारी 'एनचेक', ही दोन्ही नावं बेल लॅब्जच्या १९७९ सालच्या सातव्या युनिक्समध्ये स्वतंत्र प्रोग्रॅमची होती. डिस्क टेराबाइटच्या झाल्या, तरी अडलेल्या माणसाचे प्रश्न तेच राहिले. हा ब्लॉक कोणाचा? हा क्रमांक कोणाचा?

डीबगएफएस सुरू केला की एक साधा प्रॉम्प्ट येतो आणि तो गप्प बसतो. मुद्दाम सांगितल्याशिवाय तो डिस्कवर एक अक्षरही लिहीत नाही. नुसतं वाचणं हीच त्याची मूळ वृत्ती. 'स्टॅट' लिहून टोकदार कंसात १२ आकडा दिला, की बारा नंबरचा इनोड समोर येतो. इनोड म्हणजे एका फाइलची नोंद. तीत मालक कोण, परवानग्या काय, आकार किती, कधी बदलली आणि डेटा कुठल्या ब्लॉकमध्ये आहे, एवढं सगळं असतं. फाइलचं नाव मात्र नसतं. नाव डिरेक्टरीत असतं, आणि डिरेक्टरी म्हणजे नाव आणि क्रमांक यांच्या जोड्यांची यादी. सगळ्यात वरच्या डिरेक्टरीचा इनोड दोन नंबरचा. तिथून जोड्या धरत खाली उतरत गेलं की कुठल्याही फाइलपर्यंत पोचता येतं.

या 'स्टॅट'च्या उत्तरातली एक ओळ मला फार आवडते. ती आहे वेळेची. तिच्यात आधी डिस्कवर सापडलेला आकडा हेक्समध्ये, जसाच्या तसा. मग कोलन देऊन त्याच्या जोडीचा दुसरा आकडा. मग दोन छोट्या आडव्या रेघा. आणि त्यांच्या पलीकडे वार, महिना, तारीख, साल असा माणसाला कळणारा अर्थ. रेघांच्या डावीकडे डिस्कचं म्हणणं, उजवीकडे प्रोग्रॅमने लावलेला अर्थ. दोन्ही एका ओळीत, पण एकमेकांत मिसळलेली नाहीत.

ही काळजी उगाच नाही. जुन्या इनोडमध्ये वेळेसाठी ३२ बिट होते आणि १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद त्यांत मोजायचे. हा हिशेब १९ जानेवारी २०३८ ला संपतो. ईएक्सटी-४ मध्ये इनोड १२८ बाइटांवरून २५६ बाइटांचा झाला, तेव्हा नव्या जागेत प्रत्येक वेळेला आणखी ३२ बिट मिळाले. त्यांतले ३० सेकंदाच्या अब्जांश भागांसाठी आणि उरलेले दोन साल पुढे ढकलण्यासाठी. त्या दोन बिटांवर गाडी २४४६ पर्यंत जाते. पण याचा अर्थ असा, की तारीख आता दोन वेगळ्या ठिकाणच्या आकड्यांतून जुळवावी लागते. जुळवण्यात गफलत झाली तर उजवीकडची तारीख खोटी ठरेल. डावीकडचे आकडे तरीही खरेच राहतील आणि जाणकार वाचक त्यांवरून तारीख पुन्हा काढू शकेल. डावी बाजू पुसून नुसती सुबक तारीख छापली असती, तर ही सोय उरली नसती.

अर्थ लावताना माणूस किती सहज फसू शकतो, हे इनोडमधल्या साठ बाइटांत फार स्पष्ट दिसतं. डेटा कुठे आहे ते सांगण्यासाठी इनोडमध्ये साठ बाइट राखलेले आहेत. ईएक्सटी-२ मध्ये तिथे चार-चार बाइटांचे पंधरा ब्लॉक क्रमांक असत. पहिले बारा थेट डेटाचे, पुढचे तीन अशा ब्लॉकचे ज्यांत आणखी क्रमांकांच्या याद्या आहेत. ईएक्सटी-४ ने त्याच साठ बाइटांत वेगळी मांडणी आणली. आधी बारा बाइटांचं शीर्षक, मग बारा-बारा बाइटांच्या चार नोंदी. 'या ब्लॉकपासून सलग इतके' असं सांगणारी प्रत्येक नोंद. जागा तीच, बाइट तेवढेच, अर्थ पूर्ण निराळा. कुठला अर्थ लावायचा ते इनोडमधलं एक निशाण ठरवतं.

समजा, जुन्या समजुतीच्या एखाद्या प्रोग्रॅमने ते निशाण न बघता ही नवी नोंद वाचली. शीर्षकाचे पहिले दोन बाइट म्हणजे ओळखीची खूण, हेक्समध्ये एफ३०ए. पुढच्या दोन बाइटांत नोंदींची संख्या, धरा एक. चारही बाइट मिळून एकच आकडा म्हणून वाचले, तर येतात १,२७,७५४. म्हणजे तो प्रोग्रॅम सांगेल की फाइलचा पहिला ब्लॉक १,२७,७५४. पुढच्या चार बाइटांवरून सांगेल की दुसरा ब्लॉक ४. यातला पहिला आकडा इतका साळसूद आहे की कोणाला शंकासुद्धा येणार नाही. डिस्क मोठी असेल तर त्या क्रमांकाचा ब्लॉक खरंच असेल, त्यात कुठल्या तरी फाइलचा काहीतरी मजकूरही सापडेल. मूर्खपणाचं उत्तर आलं तर माणूस सावध होतो; शहाण्यासारखं दिसणारं चुकीचं उत्तर त्याला भलत्या वाटेने लांबवर घेऊन जातं.

ईएक्सटी घडवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइलसिस्टिमच्या पहिल्या नोंदीत, त्यांनी वैशिष्ट्यांच्या तीन याद्या ठेवल्या. पहिल्या यादीतलं एखादं वैशिष्ट्य कळलं नाही तरी बिनदिक्कत पुढे जा. दुसऱ्या यादीतलं कळलं नाही तर वाचा, पण लिहू नका. तिसऱ्या यादीतलं कळलं नाही तर उघडूच नका. नवी मांडणी तिसऱ्या यादीत आहे, त्यामुळे ती न शिकलेला प्रोग्रॅम खोटं सांगण्याऐवजी दारातच थांबतो. 'मला हे समजत नाही' असं म्हणण्याची सोय डिस्कवरच्या मांडणीतच करून ठेवणं, हे मला संगणकशास्त्रातल्या फार थोर गोष्टींपैकी एक वाटतं.

पण थांबणं हे प्रत्येक वेळी पुरेसं नसतं. माझ्या वाट्याला आलेलं काम तिथूनच सुरू झालं.

२०१२ मध्ये लिनक्स ३.५ बरोबर ईएक्सटी-४ च्या मेटाडेटाला चेकसम, म्हणजे पडताळणीचे आकडे, आले. प्रत्येक इनोडसोबत एक ३२ बिटांचा आकडा लिहिला जातो. तो नुसत्या इनोडमधल्या मजकुरावरून निघत नाही. त्या फाइलसिस्टिमची ओळख, इनोडचा स्वतःचा क्रमांक आणि त्याचा पिढी-क्रमांक, हे सगळं हिशेबात धरलेलं असतं. निघालेला आकडा दोन तुकडे करून ठेवतात, अर्धा जुन्या १२८ बाइटांत आणि अर्धा नव्या जागेत. क्रमांक हिशेबात धरल्यामुळे एक विलक्षण गोष्ट साधते. नोंद अक्षरशः बिनचूक असली, पण भलत्या जागी जाऊन पडली, तरी चेकसम जुळत नाही.

मी हातात घेतलेल्या आवृत्तीत असा न जुळणारा इनोड मागितला, की डीबगएफएस चेकसम जुळत नसल्याचं सांगून तो दाखवायला नकार देई. 'मायनस एन' देऊन सुरू केला, तर चेकसमची तपासणीच बंद होई आणि सगळे इनोड, धड असोत वा बिघडलेले, एकाच सुरात समोर येत. साठवलेला चेकसम तेव्हाही छापला जाई, पण त्याच्या शेजारी ठेवायला दुसरा आकडा नसे. एक तर काहीच पाहू नका, नाही तर सगळ्यावर सारखाच विश्वास ठेवा, असे दोनच रस्ते. बिघडलेली डिस्क समोर घेऊन बसलेल्या माणसाला नेमका तिसरा रस्ता हवा असतो. जे आहे ते दाखव, आणि ते कुठे जुळत नाही तेही त्याच्याच शेजारी लिही.

आमच्याकडे आलेल्या एका डिस्कच्या निमित्ताने हे फार जाणवलं. ग्राहकाने ईटूइमेज वापरून नुसत्या मेटाडेटाची प्रत पाठवली होती; फाइलींमधला मजकूर त्यात येत नाही, त्यामुळे द्यायला सहसा कोणाची हरकत नसते. काही इनोड वाचता येत नव्हते. डीबगएफएसच्या आमच्या कामापुरत्या प्रतीत मी 'स्टॅट'ची चेकसमची ओळ बदलली. आता तिथे तीन गोष्टी येत: डिस्कवर लिहिलेला चेकसम, आत्ता मोजलेला चेकसम, आणि ते जुळतात की नाही. मग ओळीने सगळे इनोड काढून पाहिले. न जुळणारे होते ५२,००१ ते ५२,०१६. सलग सोळा, अलीकडचा जुळतो, पलीकडचा जुळतो. २५६ बाइटचे सोळा इनोड म्हणजे बरोबर ४०९६ बाइट. बिघाडाच्या कडा ब्लॉकच्या कडांशी तंतोतंत लागत होत्या. एखादा-दुसरा बिट उलटल्याचं हे लक्षण नव्हतं. आख्खा ब्लॉकच दुसऱ्याचा होता.

तो कोणाचा, हे विचारायची सोय केली. हाच मजकूर, पण इनोडचा क्रमांक दुसरा धरला तर चेकसम काय येतो? डिस्कवरचे सगळे क्रमांक एकेक करून लावून पाहिले, तेव्हा ६८,३८५ पासून ६८,४०० पर्यंत सोळाच्या सोळा जुळले. एक जुळला असता तर योगायोग म्हणता आला असता. क्रमाने सोळा जुळले तिथे शंकेला जागा उरली नाही. मग दोन्ही ब्लॉकचे पत्ते शेजारी मांडले. त्यांच्यात अंतर होतं १,०२४ ब्लॉकचं, आणि बिटांत लिहून पाहिले तर फरक होता एकाच बिटाचा. लिहिताना पत्त्यातला एक बिट कुठेतरी गळला होता, आणि सोळा फाइलींच्या धड नोंदी दुसऱ्या सोळांच्या डोक्यावर जाऊन बसल्या होत्या.

घाईने ईटूएफएससीके चालवलं असतं तर? ते दुरुस्तीचं टूल आहे आणि आपलं काम ते चोख करतं. इनोडमधली बाकी सगळी माहिती सुसंगत असेल आणि नुसता चेकसम जुळत नसेल, तर ते तसं सांगतं आणि चेकसम दुरुस्त करू का, असं विचारतं. सरसकट 'हो' म्हणून ते चालवलं, तर भलत्या जागी बसलेल्या त्या सोळा नोंदींवर नवे, जुळणारे चेकसम चढले असते आणि त्या आल्या कुठून, हे सांगणारा एकमेव पुरावा पुसला गेला असता. दुरुस्त करणाऱ्याला निर्णय घ्यावाच लागतो. म्हणून त्याच्या आधी असं कोणीतरी लागतं, ज्याला कसलाच निर्णय घ्यायचा नाही, फक्त दाखवायचं आहे.

आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने ती ओळ पाहिली आणि विचारलं, "मॅडम, न जुळणाऱ्यापुढे सरळ 'करप्ट' असं लाल अक्षरांत का नाही लिहीत? आणि जुळला तर हिरव्यात 'ओके'?" प्रश्न रास्त होता. मी त्याला ६८,३८५ नंबरचा इनोड काढायला सांगितलं, म्हणजे ज्याची नवी नोंद दुसरीकडे जाऊन पडली होती तो. त्याचा चेकसम जुळत होता. जुळणारच; त्या जागेवर नवं काही पोचलंच नव्हतं, आधीची नोंद तशीच शाबूत होती. ती शिळी होती, फाइलची आजची अवस्था सांगत नव्हती, तरी तिच्यापुरती निर्दोष होती. आणि ५२,००१ वर न जुळणारी जी नोंद होती, तिच्यातलं अक्षर न्‌ अक्षर खरं आणि ताजं होतं. हिरवं 'ओके' शिळ्या नोंदीला मिळालं असतं आणि लाल 'करप्ट' खऱ्या नोंदीला. तो बराच वेळ दोन्ही ओळी पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "म्हणजे आपण तपासलं तेवढंच लिहायचं." मला एवढंच सांगायचं होतं, आणि ते त्याने माझ्यापेक्षा नेटक्या शब्दांत सांगितलं.

अशा टूलची सुधारणा म्हणजे त्याला अधिक हुशार करणं, असं सहज वाटतं. मला तसं वाटत नाही. हुशारी जितकी वाढते तितकी डिस्क आणि वाचणारा यांच्यामध्ये एक भिंत चढत जाते. टूल काय अंदाज करतं आहे आणि काय वाचतं आहे, यातली सीमारेषा पुसट होते. सुधारणा करायची ती सीमारेषा ठळक करण्यासाठी. कुठला आकडा डिस्कवर होता, कुठला मी मोजला, कुठला मला वाचताच आला नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. न वाचता आलेल्या जागी शून्य छापणं हा फार मोठा अपराध आहे, कारण शून्य हेही एक उत्तर असतं.

आणि हे सगळं बेताने करावं लागतं. डीबगएफएसची उत्तरं माणसं वाचतात तशी स्क्रिप्टही वाचतात. कुठे कुठे, कोणी कोणी लिहिलेल्या, ते कोणालाच ठाऊक नाही. ज्या ईटूएफएसप्रॉग्ज संचात हा प्रोग्रॅम येतो, त्यात शेकडो चाचण्या आहेत, आणि बहुतेक चाचण्यांसोबत अपेक्षित उत्तर अक्षर न्‌ अक्षर लिहून ठेवलेलं असतं. एक मोकळी जागा जास्त पडली तरी चाचणी नापास. सुरुवातीला हा जाच वाटतो. सवय झाली की कळतं, त्या लिहून ठेवलेल्या उत्तरांत आजवर या प्रोग्रॅमवर विसंबलेल्या सगळ्यांना दिलेला शब्द आहे. म्हणून नवी माहिती जुनी ओळ मोडून घालायची नाही. ती पुढे जोडायची, किंवा मागणाऱ्यालाच द्यायची.

इनोडचं झालं, आता डिरेक्टरीच्या ब्लॉकचं तेच काम मी हाती घेतलं आहे. तिथे चेकसम ठेवायला जागा आधी नव्हतीच. ब्लॉकभर नुसत्या नाव-क्रमांकाच्या जोड्या. तेव्हा ब्लॉकच्या शेवटी बारा बाइटांची एक रिकामी जोडी ठेवली गेली, इनोड क्रमांक शून्य, नावाची लांबी शून्य, आणि तिच्या पोटात चेकसम. जुना प्रोग्रॅम तिला रिकामी जागा समजून ओलांडून जातो, कोणाचं काही बिघडत नाही. नव्याला ती ओळखता येते. तिथेही माझी ओळ तशीच असेल: लिहिलेला आकडा, मोजलेला आकडा, जुळतात की नाही, आणि कुठल्या डिरेक्टरीचा क्रमांक धरून मोजला तेही. या शेवटच्या आकड्यावर माझा विशेष हट्ट आहे. तो समोर असला की वाचणाऱ्याला माझ्या हिशेबावर भरवसा टाकावा लागत नाही. तो स्वतः मोजून पाहू शकतो, आणि मी कुठे चुकत असेन तर मला पकडूही शकतो. अडचणीत सापडलेल्या माणसाच्या हाती याहून चांगलं काही देता येईल असं मला वाटत नाही.